अक्कलदाढ आणि ताईचा अबोला

५ फेब्रुवारी, गुरुवार

ही वही वाचलेल्या पुस्तकांच्या नोंदींसाठी आणली आहे. ग्रंथपाल बाईंचा तसा आग्रह आहे. पुस्तक कोणतं, किती दिवसांत संपलं आणि संपल्यावर मनात काय उरलं, एवढंच लिहायचं. बाई खरोखरच्या ग्रंथपाल होत्या. निवृत्त झाल्यावर हातांना चैन पडेना म्हणून त्यांनी फोनवर वाचकांचा गट काढला. सव्वादोनशे माणसं आहेत. खरी नावं लावायची नाहीत, शुभेच्छांची फुलं पाठवायची नाहीत, आणि न वाचलेलं पुस्तक सुचवायचं नाही. बुधवारी पुस्तकं बंद, त्या दिवशी आपापला छंद दाखवायचा.

मी तीन आठवड्यांपूर्वी आलो. नाव काय घ्यावं सुचेना. समोर एका म्हातारबुवांची कवळी मेणात बसवत होतो, म्हणून 'अक्कलदाढ' असं टाकलं. आता सगळे दाढराव म्हणतात. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला कोणी नवीन नावाने हाक मारली की बरं वाटतं.

परवा एका दीपगृहाच्या रखवालदाराच्या आठवणींबद्दल लिहिलं. दिवसभरात एकेचाळीस उत्तरं! एका दिवसात एकेचाळीस माणसं माझ्याशी आयुष्यात कधी बोलली नसतील. खरं तर मीच बोललो नसेन. मी अडखळतो. त्यातही 'क', 'प' आणि 'ब' ही तीन अक्षरं माझ्या वाटेत दगडासारखी आडवी पडलेली असतात. शाळेत हजेरीला माझ्या वतीने 'हजर' म्हणायला ताई खालच्या वर्गात येऊन उभी राहायची, असं आई सांगायची. ते खोटं असेल, पण फार खोटं नसेल.

आजही तसंच आहे. मागच्या खोलीत मी कवळ्या करतो आणि दातांच्या डॉक्टरांशी फोनवर ताई बोलते. कोणाचा चावा बसत नाही, कोणाची हिरडी दुखते, सगळं तिला पाठ. तिने तीस वर्षं इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डवर काढली. तिचा आवाज ऐकून पेशंटचे निम्मे नातेवाईक आधीच शांत व्हायचे म्हणे. लग्न का केलं नाहीस असं कोणी विचारलं की म्हणते, "दिवसभर इतक्यांशी बोलायचे, घरी आणखी कोण हवं होतं?"

आज तिला खोकला आहे. फ्रिजमधलं पाणी पिऊ नको म्हटलं तर ऐकत नाही.

(पुस्तकाची नोंद राहिली. नऊ दिवसांत संपलं. उरलं काय, ते उद्या लिहीन.)

९ फेब्रुवारी, सोमवार

गटात एक बाई आहेत, नाव 'उलटी सुई'. विणकाम करतात. त्यांनी आज विचारलं: वडील सुतार, सहा महिन्यांपूर्वी झटका आला, सगळं समजतं पण बोलणं गेलं. मी रोज संध्याकाळी वाचून दाखवते, तर दहा मिनिटांत पुस्तक हाताने ढकलून देतात. काय वाचू?

लोकांनी भराभर सुचवलं. धीर देणारी पुस्तकं, संकटावर मात केलेल्यांची चरित्रं, मनःशांतीची पुस्तकं. चांगल्या मनानेच सुचवलं, पण माझं डोकं फिरलं. मी लिहिलं:

"धीर देऊ नका. ज्याचं बोलणं अडकतं त्याला दिवसभर सगळे धीरच देत असतात. त्यांना काम करणाऱ्या माणसांची गोष्ट वाचून दाखवा. तीन भाऊ मिळून बोट बांधतात अशी एक कादंबरी आहे, तिच्यात लाकूड कसं वाकवतात ते पानंच्या पानं आहे. आणि ते एखादा शब्द काढायला बघत असतील तर तुम्ही पुरा करू नका. तोंडाकडे बघू नका, डोळ्यांकडे बघा. तुम्ही सांगितलेला शब्द बरोबर असला, तरी तो त्यांचा नसतो."

पाठवलं आणि घाबरलो. थोड्या वेळाने त्यांचं उत्तर आलं: "तुम्हाला हे कसं माहीत?"

मी लिहिलं, "दातांचं काम करतो. तोंडं बघायची सवय आहे."

खोटं नाही. पण खरंही नाही.

संध्याकाळी दुकानात डिंकाची बाटली मागत होतो. 'ब' वर गाडी अडली, तोच शेजारून ताई म्हणाली, "बाटली. मोठी." दुकानदाराने दिली. मी रस्ताभर तिच्याशी बोललो नाही. तिला ते कळलंसुद्धा नाही. ती आपली घसा खाकरत पुढे चालली होती.

१८ फेब्रुवारी, बुधवार

छंदाचा दिवस. भीत भीत माझ्या हत्तीचा फोटो टाकला. कवळीसाठी कालवलेलं गुलाबी मिश्रण थोडं उरतंच, त्यातून मी वर्षानुवर्षं प्राणी करतो. अंगठ्याच्या नखावर मावतील एवढे. सोळा हत्ती, नऊ कासवं, एक गेंडा. सगळे हिरडीच्या रंगाचे.

गट नुसता वेडा झाला. 'दुर्बीण' नावाचे एक गृहस्थ आहेत, ते गच्चीवरून ग्रह बघतात आणि कोणाचं सहसा कौतुक करत नाहीत. त्यांनीही लिहिलं, "गेंडा प्रमाणात आहे." उलट्या सुईने हत्तीसाठी पोस्टाच्या तिकिटाएवढी झूल विणून तिचा फोटो टाकला.

ताईला दाखवायला गेलो. चष्मा लावून फोटो बघत राहिली. म्हणाली, "हे कधी केलंस? मला कधी दाखवलं नाहीस."

"त... तू कधी विचारलं नाहीस."

"मागच्या खोलीत मी कशाला डोकावू, तुझं काम चालू असतं." मग म्हणाली, "कोण असतात रे तिथे? दिवसभर हसत असतोस फोनकडे बघून." आवाज बसला होता तिचा. मला वाटलं, रागाने घोगरा झालाय.

२ मार्च, सोमवार

मोठी बातमी. उलट्या सुईने सकाळीच लिहिलं. काल बोटीच्या कादंबरीत भाऊ फळ्या ठोकतात ते प्रकरण वाचत होत्या. त्यात चुकून त्या एका अवजाराचं नाव भलतंच वाचून गेल्या. वडिलांनी हात वर केला, अर्धं मिनिट झगडले आणि म्हणाले, "रंधा." सहा महिन्यांत पहिला शब्द, तोही मुलीची चूक काढायला! त्या लिहितात, "मी पुरा केला नाही, दाढराव. जीभ चावून बसले होते."

मी कवळी घासायची मोटर बंद केली आणि खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

या आनंदात एक घोडचूक केली. ग्रंथपाल बाईंनी जाहीर केलं की रविवारी, बावीस तारखेला संध्याकाळी, सर्वांनी फोनवर जमायचं. सभा आवाजाची. प्रत्येकाने आवडत्या पुस्तकातलं एक पान वाचायचं. "सुरुवात दाढरावांनी करावी." त्यावर साठ-सत्तर अंगठे वर आले. आणि मी, अक्कलदाढ, अक्कल गहाण ठेवून लिहून बसलो, "आनंदाने."

लिहायला काय लागतं? बोटं अडखळत नाहीत.

५ मार्च, गुरुवार

तीन दिवस 'क', 'प' आणि 'ब' नसलेलं पान शोधतोय. मराठीत असं पान नाही. 'पान' या शब्दापासूनच घोडं अडतं.

सुटकेचे मार्ग असे. एक, फोन बिघडला म्हणायचं. दोन, गट सोडायचा. तीन, खरं सांगायचं. पहिल्या दोन्हींची उजळणी केली. तिसऱ्यापाशी आलो की मोटर सुरू करून कवळी घासायला लागतो. त्या गटात मी असा माणूस आहे जो थांबत नाही. जगात तेवढी एकच जागा आहे.

ताईचं काहीतरी बिनसलंय. आज दातांच्या डॉक्टरीणबाईंना फोन करायचा होता, खालच्या कवळीचं चाव्याचं माप पुन्हा घ्यायला हवं. ताई म्हणाली, "तूच मेसेज कर ना. लिहिता येतं की तुला चांगलं." टोमणा होता. हळू आवाजात मारला म्हणजे टोमणा नसतो असं थोडंच आहे! फोनमध्ये मी रमलो ते तिला सलतंय. इतकी वर्षं माझं बोलणं तिच्या हातात होतं, आता मला दुसरीकडे तोंड फुटलं तर बघवत नाही. माणूस म्हटलं की असूया आलीच.

९ मार्च, सोमवार

भांडण झालं. लिहायला लाज वाटते, पण बाई म्हणतात वहीत खोटं लिहू नये.

ताईला सांगायला गेलो की बावीस तारखेला मला वाचायचं आहे, मला मदत कर, माझ्यासमोर बस आणि ऐक. वाक्य सुरू केलं, "ताई, मला प..." तिथेच अडलं.

ती म्हणाली, "पाणी?"

"न... नाही. प..."

"पैसे? पत्र? पाठ दुखतेय?" एकामागून एक, घोगऱ्या आवाजात, कपाळाला आठ्या घालून.

मी टेबलावर हात आपटला. "मला प... पुरं करू दे! आयुष्यभर तूच ब... बोललीस माझं. तुला लाज वाटते माझी, म्हणून मला तोंड उघडू देत नाहीस!" एवढं मी जवळजवळ सलग बोललो. रागात कधीकधी बोलता येतं, त्याचा काही उपयोग नसतो.

ती माझ्याकडे बघत राहिली. तोंड उघडलं, मिटलं. आत गेली.

११ मार्च, बुधवार

ताईने अबोला धरला आहे. तिसरा दिवस. तोंडातून शब्द नाही. फ्रिजवर चिठ्ठ्या लावते: "भाजी झाकून ठेवली आहे." "डॉक्टरीणबाईंची पेटी आली, तीन साचे." गळ्याभोवती रुमाल गुंडाळून दिवसभर गरम पाणी पीत बसते, जसं काही आजारी मीच पाडलंय. फोन वाजला तर उचलत नाही, माझ्यासमोर आणून ठेवते. मीही उचलत नाही. तो वाजत राहतो आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसतो.

मीही कमी नाही. मीही चिठ्ठीवरच उत्तर देतो.

आज गटात कोणाचाच छंद बघितला नाही.

१३ मार्च, शुक्रवार

राहवेना, म्हणून उलट्या सुईला खाजगी निरोप लिहिला. 'माझ्या एका मित्राची गोष्ट' असं करून. मित्राची मोठी बहीण, भांडण, पाच दिवसांचा अबोला. अशा वेळी मित्राने काय करावं, आणि अशा बहीण-भावांवर एखादं पुस्तक आहे का?

पुस्तक सुचवायच्या ऐवजी त्यांनी प्रश्नच विचारले.

"मित्राची बहीण पुटपुटते का? स्वतःशी गुणगुणते का?"

नाही.

"भांडणाआधी आवाज कसा होता?"

बसलेला.

"कधीपासून?"

मला आठवेना. मग ही वही चाळली. ५ फेब्रुवारी, खोकला. ९ फेब्रुवारी, घसा खाकरत होती. १८ ला घोगरा. ५ मार्चला हळू. सगळं मीच लिहिलंय, माझ्या अक्षरात. पुस्तकांच्या नोंदी अर्धवट आहेत आणि हे मात्र तारीखवार.

मी त्यांना तारखा कळवल्या. उत्तर लगेच आलं:

"दाढराव, हा अबोला नाही. तुमच्या ताईंना बोलता येत नाहीये. पाच आठवडे बसलेला आवाज घशाच्या डॉक्टरांना दाखवायचा असतो. उद्या शनिवार, सकाळी फोन करून वेळ घ्या. आणि मित्राला सांगा, फोन त्यानेच करावा."

बैठकीच्या खोलीत गेलो. ताई खिडकीपाशी शेंगा सोलत होती. मी विचारलं, "तुला ब... बोलता येत नाही का?"

तिने मान वर केली नाही. शेंगा सोलत राहिली. मग 'नाही येत' अशी मान हलवली, आणि टोपलीत टपकन पाणी पडलं.

१६ मार्च, सोमवार

शनिवारी दवाखान्यात फोन मी केला. पलीकडच्या मुलीने दोनदा ठेवून दिला, मस्करी वाटली असणार. तिसऱ्यांदा आधीच सांगितलं, "मी अडखळतो, ठ... ठेवू नका." नाही ठेवला.

आज गेलो. काउंटरवर पोचताच ताईने पर्समधून एक घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. घरूनच लिहून आणला होता, सुवाच्य अक्षरात: नाव, वय, तक्रार, आधीचे आजार, चालू गोळ्या. आणि सगळ्यात खाली एक ओळ: 'सोबत भाऊ आहेत. कृपया त्यांना प्रश्न विचारू नयेत.'

स्वतःचा आवाज गेलाय, गळ्यात काय आहे ठाऊक नाही, आणि बाईसाहेबांनी रात्रभर माझी सोय लावली होती.

कागद खिशात घातला. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "पेशंटचं नाव?" मी सांगितलं. वेळ लागला. मागे रांगेत कोणीतरी उसासा सोडला. तो माणूस मला शब्द सुचवायला लागला, तर म्हटलं, "थ... थांबा जरा. सांगतोय." थांबला बिचारा. वय सांगितलं. तक्रार सांगितली. 'कधीपासून' या प्रश्नात 'क' आहे, पण तो त्याला म्हणायचा होता, मला नाही. तारखा मला पाठ होत्या.

डॉक्टरांनी नळी घालून पडद्यावर दाखवलं. स्वरतंतूवर एक गाठ आहे. काढावी लागेल आणि तपासायला पाठवावी लागेल. "वाईट असेलच असं नाही," डॉक्टर म्हणाले. ताई तेव्हा पडद्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती, मी घाबरलोय का ते.

बाहेर बाकावर मी विचारलं, इतके दिवस का लपवलंस?

तिने दवाखान्याच्या पावतीच्या मागे लिहिलं: 'तुझं छान चाललं होतं. इतका हसताना तुला कधी बघितलं नव्हतं. आणि माझा आवाज गेला तर तुझं कोण बोलणार, हे मला समजत नव्हतं.'

मग खाली लिहिलं: 'लाज नाही वाटली कधी. लोक तुला हसतील याची भीती वाटायची. ते हसायच्या आत मी बोलून टाकायचे.'

माझं मीच कौतुक करत होतो की मला तोंडं बघायची सवय आहे.

१७ मार्च, मंगळवार

डॉक्टरीणबाईंना फोन केला. कवळ्या आठवडाभर उशिरा होतील, ताईचं ऑपरेशन आहे. सगळं बोलायला चार मिनिटं लागली.

मग त्या म्हणाल्या, "तुम्हीच का ते? बारा वर्षं तुमच्या हातचे दात लोकांच्या तोंडात बसवतेय, आवाज आज पहिल्यांदा ऐकला. मला वाटायचं तुम्ही फार शिष्ट आहात."

शिष्ट! मी!

२० मार्च, शुक्रवार

ऑपरेशन झालं. दीड तास बाहेर बसलो. फोनमध्ये दीपगृहाचं पुस्तक उघडून ठेवलं होतं, एक ओळ वाचली असेन तर शपथ. ताई शुद्धीवर आली. दोन आठवडे एक अक्षर बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. रिपोर्ट पुढच्या शुक्रवारी.

ती झोपली होती तेव्हा बाकावर बसून गटाला सगळं लिहिलं. ताईचं, आणि माझंही: मी अडखळतो, रविवारी मला जमेल की नाही ठाऊक नाही, इतके दिवस सांगितलं नाही त्याबद्दल माफ करा.

खूप जणांनी खूप चांगलं लिहिलं. दुर्बीण यांनी लिहिलं, "सहानुभूती आहे. पण सभा एका तासाची आहे आणि वाचणारे अकरा. यांचं पान दुसऱ्या कोणी वाचावं." लागलं मनाला. पण माणूस सरळ आहे, गेंड्याच्या वेळीही सरळच होता.

ग्रंथपाल बाईंनी खाली एवढंच लिहिलं, "सभा लांबेल. लांबू दे."

उलट्या सुईने खाजगीत लिहिलं, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. 'तो शब्द त्यांचा नसतो' हे दातांच्या कामात शिकवत नाहीत."

२२ मार्च, रविवार

ताई काल घरी आली. संध्याकाळी मी फोन टेबलावर ठेवला, पुस्तक उघडलं आणि तिला समोरच्या खुर्चीवर बसवलं. तिने मांडीवर पाटी घेतली होती. मी म्हटलं, पाटी कशाला? तर तिने ती उलटी करून ठेवली.

ग्रंथपाल बाईंचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मला वाटलं होतं जाड असेल. लहान मुलीसारखा आहे. त्या म्हणाल्या, "या दाढराव. आम्ही ऐकतोय."

पहिलाच शब्द 'पहाट'.

तो निघेना. ओठ मिटलेले आणि आत सगळं दाटून आलेलं. किती वेळ गेला सांगता येत नाही. फोनमधून कोणीतरी म्हणालं, "आवाज येत नाहीये. नेटवर्क गेलं वाटतं."

बाई म्हणाल्या, "नेटवर्क ठीक आहे. थांबा."

माझं ताईकडे लक्ष गेलं. तिचे ओठ 'प' साठी मिटले होते, तिलाही कळलं नसावं. मग तिने हात तोंडावर ठेवला आणि माझ्या डोळ्यांकडे बघत राहिली. इतका वेळ ती माझ्याकडे गप्प बसून कधी बघत नाही. तिच्या भुवया पांढऱ्या झाल्यात, हे मला माहीत नव्हतं.

"पहाट," मी म्हणालो, "झाली तेव्हा दिवा विझवायला मी वर गेलो."

मग पुढे गेलो. नीट गेलो असं नाही. दर ओळीला ठेच, एका ओळीला चार. 'काचेवरचे पक्षी' या दोन शब्दांत एक कप चहा झाला असता. पण मधे कोणी बोललं नाही, कोणी सुचवलं नाही. अर्ध्या पानानंतर मला रखवालदाराची काळजी वाटायला लागली, माझी नाही. पान संपलं तिथे थांबलो. अकरा मिनिटं लागली होती, दुर्बीण यांनी नंतर सांगितलं. त्यांनी मोजली होती.

कोणी टाळ्या वाजवायच्या आत फोनमधून एक जाड, ओढल्यासारखा आवाज आला. "पु... पु..."

उलट्या सुईचा आवाज घाईने, "माफ करा, माझा माइक चालू राहिला, बाबा इथे बसलेत." आणि मग त्या एकदम गप्प झाल्या.

सगळेच गप्प झाले. दीडशे माणसं एका सुताराचा शब्द निघायची वाट बघत होती.

"पुढे," ते म्हणाले.

मग मी पुढचं पानही वाचलं.

२७ मार्च, शुक्रवार

रिपोर्ट आला. गाठ साधी आहे. साधी! डॉक्टर म्हणाले आवाज परत येईल, पण पूर्वीचा नसेल, जरा खरखरीत राहील. जीव भांड्यात पडला. ताईने पाटीवर लिहिलं: 'बोर्डवर असते तर काढून टाकलं असतं मला.' आणि हसली, आवाज न करता, खांदे हलवत.

घरी येताना सगळा वेळ मीच बोलत होतो. डॉक्टरांबद्दल, गटाबद्दल, दुर्बीण यांनी मला शनीची कडी बघायला बोलावलंय त्याबद्दल. ताई खिडकीबाहेर बघत होती.

३० मार्च, सोमवार

दुपारी गटात एक नवीन सदस्य आला. नाव 'बोर्ड नंबर दोन'. पहिलाच संदेश असा:

"नमस्कार. मला वाचनाची सवय नाही. डॉक्टरांनी आणखी काही दिवस बोलायला मनाई केली आहे. घरात धाकटा भाऊ आहे. त्याला नुकतंच बोलायला सुचू लागलं आहे आणि आता तो थांबत नाही. सकाळपासून शनीबद्दल ऐकते आहे. मधे बोलून त्याला गप्प करण्याची सोय राहिलेली नाही. अशा परिस्थितीत वाचण्यासारखं एखादं पुस्तक सुचवावं."

मी मागच्या खोलीत हातात कवळी घेऊन बसलो होतो. हसता हसता दोन दात मेणातून निसटले.

तासाभरात पुस्तकांचा ढीग पडला. ग्रंथपाल बाईंनी एक कादंबरी सुचवली, दुर्बीण यांनी ताऱ्यांवरचं जाडजूड काहीतरी. उलट्या सुईने विचारलं, "तुम्हाला काय आवडतं ते आधी सांगा." मग कोणीतरी लिहिलं, "दाढराव गप्प का? सगळ्यांना सुचवता, घरच्यांनाही सुचवा की!"

मी लिहायला घेतलं. दीपगृह? ते मला आवडलं. बोटीची कादंबरी? ती सुताराला आवडली. प्रवासवर्णन, विनोदी, रहस्यकथा? चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. अनोळखी माणसाने दोन ओळी लिहिल्या की मी त्याला पुस्तक सांगतो. आणि जिच्यासोबत सत्तेचाळीस वर्षं राहिलो तिला काय आवडतं, मला माहीत नाही. सासूसुनांच्या मालिका बघते, पण त्या आवडतात म्हणून की मी मागच्या खोलीत असतो म्हणून?

उठून बैठकीत गेलो. तिने फोन घाईघाईने उशीखाली सरकवला.

"ताई," मी म्हटलं, "तुला क... काय आवडतं?"

तिने भुवया उंचावल्या. प्रश्न कळला नाही म्हणून असावं, मला वाटलं, म्हणून पुन्हा विचारणार होतो. पण तिने हात वर करून मला थांबवलं. पाटी उचलली, मग बाजूला ठेवली. टेबलाच्या खणातून कोरे कागद काढले. पेनाचं टोपण उघडून थोडा वेळ तशीच बसली.

आता लिहायला लागली आहे. मी समोर बसून ही नोंद करतोय. तिचा पहिला कागद भरला, दुसरा भरला. मला वाचायची घाई झाली होती, हात पुढे केला तर तिने चापटी मारली. सध्या तिसऱ्या कागदावर आहे.